पट्ट्याचा पीळ

चौऱ्याऐंशी साली आमच्या घरच्यायनं, म्हणजे देवाजीनं, माह्या धानगिरणीचं डिझेल इंजिन उखडून नेलं. तवाच मी साफ सांगतलं, "रविवारपावतर तुमची गाडी चालली नाई, तर इंजिन परत माह्या ओट्यावर. सोमवारी लोकं धान घेऊन येतीन, त्यायले काय मी मुसळानं कांडून देऊ?"

गिरणी माह्यी. बापानं देल्ली अन् पंधरा वर्सं मीच चालवली. यायले मात्र मोटरगाडीचं याड! लिलावातून एका मोडक्या जीपचा सांगाडा आणला. त्याले चाकं होती, गेरबाक्स होता, पण इंजिनच नोतं. मंग नजर गेली कुठी? माह्या इंजिनावर! सांगाड्यात सागाच्या दोन बल्ल्या टाकून त्यायवर ते बसवलं, अन् तिथून गेरबाक्सावर गिरणीचाच चपटा पट्टा चढवला. सात दिवस ना जेवणाची सुध, ना आंघोळीची.

रविवारी सारं गाव जमलं. गोंडपिपरीच्या बाजारातून परतणारे बी सायकली टेकवून उभे राह्यले. यायनं हांडेल मारलं, इंजिन धडधडलं, ऐटीत पह्यला गेर टाकला अन् गाडी चालली की बापा! पण मागं.

दुसरा गेर टाकला, तर आणखी जोरात मागं. सारे गेर मागं पळत, अन् मागं जायचा एकटा गेर तेवढा पुढं सरके, तोही बैलाच्या चालीनं. श्रीहरी पानठेलेवाला हासून हासून लोळला.

"देवाजीभाऊ, सिरोंच्याले जायचं असन तं गावाकडं पाठ करून बसजा, बरोबर पोचसान!"

हे खाली उतरले, पाना घेतला अन् इंजिनाचे नट सोडाले लागले.

"घे बाई तुह्यं इंजिन," म्हणे.

मले तर खूश व्हाले पाह्यजे होतं. पण त्यायचं उतरलेलं तोंड पाहून मी इंजिनापाशी गेली.

"अवो, पण इंजिन उलट्या तोंडानं बसवलं काऊन?"

"पह्यले सरळच बसवलं होतं," ते हळूच बोलले. "पण सारा धूर डावीकडं येत होता. तिथी तू बसशीन ना, म्हणून फिरवलं."

आता काय बोलाव या माणसाले! डोये भरून आले. गप राह्यली असती तर सांजच्याले इंजिन माह्या ओट्यावर असतं, हे मले चांगलं समजत होतं.

"ठेवा तो पाना," मी म्हटलं. "पट्टा उतरवा, अन् एक पीळ देऊन चढवा. मधात फुली पडली पाह्यजे, मंग चाकं सुलटी फिरतीन. गिरणीत चक्की उलटी फिरे, तवा मी काय इंजिन उचलून फिरवत होती?"

त्यायनं पाना खाली ठेवला. "गुणा, गाडी चालली तर इंजिन जाते तुह्यं."

"मले माहीत हाये. चढवा."

पीळ दिल्यावर पट्टा आखूड पडला. मंग इंजिन चार बोटं गेरबाक्साकडं सरकवलं, नट आवळले, हांडेल मारलं. पह्यला गेर टाकला, अन् गाडी सरळ पुढं! पोट्टे बोंबलत मागं धावले. श्रीहरीचं तोंड उघडंच.

हे वळून आले अन् माह्यापुढं गाडी थांबवली. उद्या धान घेऊन येतीन त्या लोकायले काय सांगाव, मले ठाऊक नोतं. मी लुगडं सावरलं अन् डावीकडं चढून बसली.