उतरतीच्या खुणा

डोंगरातली वाट चढताना एक दिसते आणि उतरताना दुसरीच. म्हणून रंगारी प्रत्येक दगडावर दोन लाल खुणा करायचा. एक चढणाऱ्याला दिसेल अशी आणि दुसरी दगडाच्या मागच्या अंगाला, उतरणाऱ्यासाठी. "जाताना माणूस ताजातवाना असतो, चुकला तरी निस्तरतो," तो लेकीला सांगायचा. "येताना पायही थकतात आणि डोकंही. उतरतीची खूण आधी करायची." डोंगर रंगवणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या घराला मात्र जन्मात हात लावला नाही, आणि त्यापायी बायकोची बोलणी भरपूर खाल्ली.

गेल्या वर्षी दरड कोसळली. जुन्या वाटेचा मधला तुकडा दरीत गेला आणि त्याच्याबरोबर रंगारीही गेला. लोकांनी दरी पालथी घातली. रंगाचा डबा सापडला, माणूस सापडला नाही. मग वनखात्याच्या कचेरीने दुसऱ्या उतारावरून शिखराकडे नवी वाट काढली आणि बापाचं काम लेकीला दिलं. पहिलंच काम काय, तर जुन्या वाटेवरच्या बापाच्या खुणा खरवडून काढायच्या. असलं काम वैऱ्यावरही येऊ नये. तिने ते रडत रडत केलं, पण चोख केलं. आधी घरापासून दरडीच्या अलीकडच्या काठापर्यंत, मग वळसा घालून शिखराजवळच्या फाट्यापासून पलीकडच्या काठापर्यंत. रंगाचा ठिपका शिल्लक ठेवला नाही.

काही आठवड्यांनी ती पाहणीला गेली. अलीकडचा भाग चढताना सगळे दगड कोरे होते. काठावर पोचून ती मागे वळली. घराकडे जाणारा एकेक दगड मागच्या अंगाने लाल होता. चढतीची एकही खूण नव्हती, नुसत्या उतरतीच्या. तिने त्या खरवडल्या, कुणाला सांगितलं नाही. त्या पुन्हा उगवल्या.

भटकंतीचा मोसम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी डोंगर चढायला आलेलं एक जोडपं पांढऱ्या चेहऱ्याने दारात आलं. धुक्यात शिखरावरून उतरताना फाट्यावर त्यांना खुणा दिसल्या आणि ते जुन्या वाटेला लागले. बाईच्या बुटाची नाडी सुटली, ती बांधायला दोघं थांबली, तेवढ्यात धुकं फाटलं. पुढे वाटच नव्हती.

"खुणा इतक्या ताज्या होत्या, की रंग हाताला लागला," नवरा म्हणाला आणि त्याने लाल बोट दाखवलं.

ती दोघं गेल्यावर लेक आत आली. आई भांडी घासत होती. तिच्या नखांत लाल रंग होता.

"आई, तूच ना?"

आईने आढेवेढे घेतले नाहीत. "मग काय करू? तुझ्या बाबांची वाट तू पुसून टाकलीस. ते परत यायचे कसे? चढतीची एकही केली नाही मी. कुणी चुकून वर जाऊ नये, एवढं कळतं मला."

"आणि उतरणाऱ्यांचं काय? आज दोन माणसं गेली असती! उद्यापासून तर रीघ लागेल."

"कुठून गेली असती?"

"पलीकडच्या काठावरून."

आईचा हात थांबला. "मी अलीकडचेच दगड रंगवले गं, तेही रोज दोन-चार, बसत सरकत. शिखराला वळसा घालायला माझे गुडघे कुठे राहिलेत?"

खरंच होतं ते. ती घराच्या पायऱ्याही बसून उतरायची. आईचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे निघालेत ते," ती म्हणाली.

लेकीला भीती वाटली, आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला. तिने तारेचा ब्रश उचलला आणि नव्या वाटेने फाटा गाठला. तिथला पहिलाच दगड लाल होता. रंगारी ब्रश उचलताना शेवटी हलका झटका द्यायचा, त्याने खुणेला शेपटी फुटायची. ही खूण तशीच होती. खाली धुक्यात दगडामागून दगड लाल होत गेले होते.

तिने ब्रश टेकवला, पण हात चालेना. बाप घरी येतो आहे आणि आपणच त्याची वाट मोडायची? मग तिला ते लाल बोट आठवलं.

"बाबा," ती धुक्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "ही वाट घरी जात नाही हो. मधेच तुटलीय. तुमच्या खुणेवर भरवसा ठेवून माणसं येतात आणि... तुम्ही कधी कुणाला चुकीची खूण दाखवली होती का?"

बऱ्याच वेळाने खालून, तुटलेल्या काठाकडून, आवाज आला. खर्र. खर्र. तारेचा ब्रश दगडावर चालत होता. आवाज थांबे, थोडा वर येई, पुन्हा सुरू होई. तिला धावत खाली जायचं होतं, पण पाय उचलले नाहीत. तिच्या खालच्याच दगडापाशी आवाज आला आणि बंद झाला. धुकं विरळ झालं. खालचे सगळे दगड खरवडून पांढरे पडले होते. माणूस कुणीच नव्हतं.

तिच्यासमोरचा एक तेवढा लाल राहिला होता. तो तिने खरवडला. तोंडाने "बाबा, बाबा" म्हणत खरवडला.

घरी आई दाराकडे डोळे लावून बसली होती.

"खुणा?"

"बाबांनीच पुसल्या."

"सगळ्या?"

"शेवटची माझ्यासाठी ठेवली होती."

"काही बोलले?"

"नाही."

आईने मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. वर्षभर रात्रंदिवस नुसतं लोटून ठेवलेलं दार तिने आतून लावलं, कडी घातली आणि दाराला टेकून पहिल्यांदा मोठ्याने रडली.