चार नंबरचा दुसरा डोस

चार नंबरच्या खोलीतल्या बाईला दुपारी बाराला दुसरा डोस द्यायचा होता. आता बारा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि आक्का त्या दारावरून सहाव्यांदा गेल्या होत्या. आपण कामात आहोत असं दिसावं म्हणून दर खेपेला हातात काहीतरी होतं. एकदा चादरी, एकदा रिकामा ट्रे, एकदा तर नुसतंच पेन.

आक्का म्हणजे त्या प्रसूतिगृहातल्या सगळ्यांत जुन्या सुईण. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ऑफिसात एक फॉर्म सही करून दिला होता, की गर्भपाताची औषधं मी देणार नाही, माझ्या मनाला ते पटत नाही. नियमात तशी मुभा होती. आक्का कुणाला उपदेश करायच्या नाहीत, कुणाकडे बघून नाक मुरडायच्या नाहीत. पण पोटातल्या जिवावर आपला हात उठायचा नाही, एवढं त्यांचं मत होतं आणि ते जागचं हलत नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या वाट्याचं ते काम दुसरी सुईण करायची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी दिसायचीच नाही. "तुमचं मन काचेचं आक्का, माझं आपलं रबराचं," असं चिडवत ती सगळं बिनतक्रार उरकायची. बदल्यात आक्का तिच्या रविवारच्या पाळ्या घ्यायच्या. दोघींचं छान जमून गेलं होतं.

आज ते फिसकटलं. सकाळी नऊला भिंगरीनं चार नंबरला पहिला डोस दिला आणि साडेअकराला दोन नंबरमधल्या बाळंतिणीला भयंकर रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर आणि भिंगरी तिथंच अडकले. आक्का धावत गेल्या.

"मी थांबते इथं, तू चारला जा."

भिंगरीनं दोन्ही हातांनी बाळंतिणीचं पोट दाबून धरलं होतं. तिनं मानही वळवली नाही. "हात काढला तर ही हातची जाईल आक्का. आणि चारचा डोस लांबला तर त्या बिचारीच्या कळा फुकट जातील, नुसती तळमळत राहील. तुम्हीच बघा आता काय ते."

बघा म्हणे! बघायला काय, चित्र लावलंय का भिंतीवर? आक्कांना भिंगरीचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या घड्याळाचा तर फारच आला.

सातव्या खेपेला आतून कण्हणं ऐकू आलं आणि त्या आत शिरल्या. नुसती नाडी बघायला. नाडी बघायला फॉर्मची आडकाठी नव्हती.

पाचवा महिना होता. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती, ते जगणार नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा सासूबाईंना आणायला बसस्टँडवर गेला होता. ती एकटीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. आक्कांनी पोटावर हात ठेवला, कळ आली, आणि तीस वर्षांच्या सवयीची जीभ आपोआप चालली. "शाब्बास! सोड श्वास. बाळ सरकतंय बघ खाली."

आक्कांनी जीभ चावली. "माफ कर गं मला. तोंडातून निघून गेलं."

ती वळली. "परत म्हणा."

"काय?"

"बाळ. सकाळपासून सगळे 'ते' म्हणतायत. 'ते' झालं की घरी जा. 'ते' बघायचंय का. त्या दुसऱ्या सिस्टर इतक्या चांगल्या आहेत, पण त्याही 'ते'च म्हणाल्या." मग ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "औषधाची वेळ गेली ना?"

"गेली. माझ्यामुळे." खोटं बोलणं आक्कांच्या स्वभावात नव्हतं. "मी ही औषधं देत नाही. तशी सही दिलीय."

"का?"

"मला ते बाळच वाटतं म्हणून."

"मग तुम्हीच द्या," ती म्हणाली. "मलाही बाळच वाटतं. ज्याला तसं वाटत नाही त्याच्या हातून मला नकोय."

आक्का तडक बाहेर आल्या. असं कोणी मागतं का? औषधांच्या कपाटापाशी त्या किल्ली हातात घेऊन उभ्या राहिल्या. आपण दाराबाहेर थांबतो ते आतल्या जिवासाठी, अशी त्यांची अकरा वर्षं समजूत होती. पण अकरा वर्षांत त्यातलं एकही बाळ त्यांनी पाहिलं नव्हतं, एकाही आईजवळ त्या बसल्या नव्हत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि तरीही, हे चूक आहे असंच वाटत राहिलं. दोन्ही एकदम वाटत होतं, त्याला काय करणार? त्यांनी कपाट उघडलं.

गोळ्या गालात अर्धा तास धरून ठेवायच्या असतात, बोलायचं नसतं. तेवढा वेळ आक्का तिचा हात धरून स्टुलावर बसल्या. पाय काही स्वस्थ बसेनात, स्टुलाखाली हलतच राहिले.

सव्वाला भिंगरी आली. बाह्या रक्तानं भरलेल्या, चेहरा हसरा. दोन नंबरची वाचली होती. गोळ्यांची रिकामी पुडी बघून तिचं हसू मावळलं. तिनं आक्कांना बाहेर बोलावलं. "औषधांच्या तक्त्यावर माझं नाव लिहिते. कोणाला कळायचं नाही."

आक्कांनी तक्ता तिच्या हातातून ओढून घेतला. "दिल्या मी, आणि नाव तुझं कसं?" त्यांनी बारा पस्तीसची वेळ टाकली आणि खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"मग तो फॉर्म? आता फाडायचा?"

"फाडायला काय झालं? ती सही खरी आहे."

"आणि ही?"

"हीही खरी आहे. आता मला काही विचारू नकोस." आक्का परत चार नंबरमध्ये गेल्या. बाळ अजून यायचं होतं.