बाबांचा उरलेला शब्द

माझे बाबा नळजोडणीचं काम करायचे. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांखाली आणि पाण्याच्या टाक्यांत डोकं घालून काढली, पण त्यांच्या तोंडून शिवी कुणी ऐकली नाही. पाना निसटून बोट चेचलं तरी नुसते ओठ आवळून उभे राहायचे. मी नऊ वर्षांची असताना शाळेतून एक शब्द शिकून आले आणि ऐन जेवताना बोलून बसले. "च्यायला." बाबांनी मारलं नाही. हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यापेक्षा मार परवडला असता.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, सिंकखाली आडवे पडून काम करत असतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला आणि वाचा गेली. वाचा म्हणजे सगळीच. आईचं नाव गेलं, माझं गेलं, पाणी गेलं, आमेन गेलं. इस्पितळात नवव्या दिवशी आई त्यांचं तोंड पुसत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ओठ जुळवले, होता नव्हता तेवढा जोर लावला आणि म्हणाले, "च्यायला."

आई दचकली. बाबा तिच्याहून जास्त दचकले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच आलं. मग त्यांनी डावा हात तोंडावर दाबून धरला आणि डोळे मिटून घेतले.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हांला समजावलं. आपण ठरवून बोलतो ते बोलणं मेंदूत एका जागी असतं, तोंडातून आपसूक निघणारे शब्द दुसरीकडे. पहिली जागा बंद पडली तरी दुसरीतला एखादा शब्द वाचतो.

"पण बाई, हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नाही," मी म्हटलं.

"उच्चारला नसेल. मनात तर आला असेल ना?"

मला राग आला त्यांचा. पण घरी जाताना विचार केला. चाळीस वर्षांत चेचलेली बोटं किती असतील, आणि प्रत्येक वेळी गिळलेला तो शब्द कुठे जाऊन बसला असेल?

घरी आम्ही ती भाषा शिकलो. शब्द तुटक आला तर पाणी हवंय. लांबवला तर दिवा डोळ्यांवर येतोय. आई कपडे वाळत घालून आत आली की अगदी हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखा यायचा, त्याचा अर्थ आईने मला कधी सांगितला नाही. मीही विचारला नाही.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, मेणात दात बसवते, शेवटी यंत्रावर घासून गुळगुळीत करते. दिवसभर माझ्यासमोर दुसऱ्यांची तोंडं उघडी पडलेली असतात, पण बोलत काहीच नाहीत. काम एकटीचं, त्यामुळे देवाशी बोलायला भरपूर वेळ. पूर्वी मी आभार मानायचे, आल्यागेल्यासाठी चार गोष्टी मागायचे. त्या महिन्यांत मात्र मी देवाशी नुसती भांडत होते. ठेवायचाच होता एक शब्द, तर हा? ज्या माणसाने चर्चचा, तुझ्या घराचा, एक नळ कधी गळू दिला नाही, त्याला तू हा ठेवलास? आमेन ठेवायला काय झालं होतं? यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून मी मोठ्याने विचारायचे.

उत्तर आलं नाही. मला वाटतं, त्यालाही लाज वाटत असावी.

चौथ्या महिन्यात बाबा काठीने चालायला लागले आणि आम्ही त्यांना चर्चमध्ये नेलं. तिसऱ्या बाकावर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. लोक येऊन हात हातात घेत होते, बायका डोळे पुसत होत्या. सगळं छान चाललं होतं. मग प्रार्थना सुरू झाली. आमच्या पाळकांनी आजाऱ्यांची नावं घेतली, सगळे माना खाली घालून शांत झाले, आणि त्या शांततेत बाबाही प्रार्थना करू लागले. त्यांच्या मते पुटपुटत, पण त्यांना आता आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. च्यायला, च्यायला, च्यायला. मागच्या बाकावर मुलं फिसकन हसली. एका बाईंनी मुलीच्या कानांवर हात ठेवले.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या समितीचे कार्यवाह घरी आले. हातात फळांची पिशवी. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि बोलू लागले माझ्याशी.

"आम्हां सगळ्यांना तुमच्या बाबांबद्दल किती आदर आहे, तुला माहीतच आहे. पण लहान मुलं असतात, नवी कुटुंबं येताहेत. त्यांना काय सांगायचं? तर समितीचं असं मत पडलं, की सध्या त्यांनी घरीच विश्रांती घ्यावी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन येतील. आणि देव काय गं, घरीही ऐकतोच."

"च्यायला," बाबा म्हणाले.

कार्यवाहांचा चेहरा लाल झाला.

"चहा घ्या म्हणताहेत," आई म्हणाली.

"नको, नको. निघतो."

ते हसले. त्यांची वरची कवळी माझ्याच हातची. इतका सुबक बसवलेला दात इतक्या वाईट बोलण्याच्या कामी यावा, याचा मला मनस्वी संताप आला.

"काका," मी म्हटलं, "घरी ऐकतो तर तुम्ही कशाला जाता? तुम्हीही घरीच थांबा की."

"तू उगाच मनाला लावून घेतेस."

"कुठे लावून घेऊ मग? भिंतीला? आणि ते समोर बसलेत, त्यांच्याशी बोला. त्यांची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. तुम्ही म्हणालात ते सगळं त्यांनी ऐकलंय."

कार्यवाहांनी पहिल्यांदा बाबांकडे बघितलं, लगेच नजर काढली आणि चपला शोधायला लागले. ते गेल्यावर आई म्हणाली, "जाऊ दे गं. माणूस वाईट नाही." मला तर तेच सहन होत नव्हतं. वाईट असते तर सोपं गेलं असतं. चांगली माणसं, फळं घेऊन येतात, हात जोडतात, आणि माझ्या बाबांना देवाच्या दारातून गोड बोलून बाहेर काढतात. हीच माणसं दर रविवारी उभी राहून म्हणतात, देवाची प्रीती सगळ्यांवर सारखी. सारखी म्हणजे किती? एका शब्दाइतकीही नाही?

मी ठरवलं, त्या चर्चचं तोंड पुन्हा बघायचं नाही. रविवारी उशिरा उठले, मुद्दाम. बाहेर आले तर बाबा दाराशी खुर्चीत बसलेले. एका डाव्या हाताने सदरा घातला होता. बटणं एकाआड एक, चुकीच्या काजात. केस पाण्याने चपटे केलेले, काठी मांडीवर आडवी.

"पहाटेपासून बसलेत," आई म्हणाली. "मी सांगून पाहिलं. ऐकत नाहीत."

"बाबा, त्यांना तुम्ही नको आहात तिथे."

"च्यायला," बाबा म्हणाले. ही तऱ्हा नवी होती, पण अर्थ लावायची गरज पडली नाही. मी त्यांची बटणं नीट लावली आणि आम्ही निघालो.

चर्चच्या दाराशी कार्यवाह होतेच. "मागे काचेची खोली आहे ना, बाळं रडतात त्या आयांसाठी," ते हळूच म्हणाले. "तिथून सगळं दिसतं. आवाज तेवढा बाहेर येत नाही." मी बाबांचा दंड धरून सरळ तिसऱ्या बाकापर्यंत गेले. सगळ्यांच्या नजरा पाठीवर टोचत होत्या आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करते. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

आमच्याकडे उपदेशानंतर एक वेळ अशी असते की ज्याला वाटेल त्याने उभं राहून प्रार्थना करायची. एका शिक्षिकेने परीक्षेच्या मुलांसाठी केली. एका आजोबांनी नेहमीची लांबलचक केली. मग माझ्या शेजारी काठी घासल्याचा आवाज आला.

बाबा उठत होते.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. इतके दिवस मी त्यांच्या बाजूने जगाशी भांडत होते. देवाला फैलावर घेतलं होतं, मनातल्या मनात समितीच्या चिंध्या केल्या होत्या. आणि ते खरोखरच उठले तेव्हा मी काय केलं? त्यांच्या सदऱ्याची बाही धरून खाली ओढली. "बसा ना बाबा," मी म्हणाले, "बसा." लाजेने माझे कान तापले होते.

त्यांनी हात झटकला. पुढच्या बाकाची पाठ डाव्या हाताने घट्ट धरली, मान खाली घातली आणि प्रार्थना सुरू केली.

दोनेक मिनिटं चालली असेल. एकच शब्द. पण मला ऐकू येत होतं की आधी त्यांनी आभार मानले, कारण तिथे आवाज सपाट आणि सावकाश होता, झटका येण्याआधी जसा असायचा तसा. मग कुणासाठी तरी मागितलं. मग मध्ये कुठेतरी ते चिडले. हो, चिडले. शब्द तुटक झाला, वर चढला, बाकावरची बोटं पांढरी पडली. तोच शब्द, आणि त्या क्षणी त्याचा अर्थ शिवीच होता, आणि तो देवालाच उद्देशून होता. मला वाटत होतं देवाशी भांडणारी आमच्या घरात मी एकटी. माझा तो गिळूगिळून जगलेला बाप भर चर्चमध्ये उभा राहून, मी यंत्राच्या आवाजाआड विचारत होते तेच विचारत होता. लपूनछपून काही नाही. मग आवाज खाली आला, दमला, थांबला.

आमेन त्यांना येत नव्हतं. ते नुसते उभे राहिले, वाट बघत. पाळक पुढे उभे होते, तोंड उघडून काही सुचेना असे.

"आमेन," आई म्हणाली. मोठ्याने. माझ्या आईने त्या चर्चमध्ये कधी मोठ्याने गाणंही म्हटलेलं नाही. मग त्या शिक्षिकेने म्हटलं, मग दहाबारा जणांनी, आणि शेवटी पाळकांनी. मीही म्हटलं, पण उशिरा. सगळ्यांनी म्हटलं असं मात्र नाही. कार्यवाह पुस्तकात बघत राहिले.

बाहेर पडताना पाळक धावत आले. तरुण आहेत, वर्षभरापूर्वीच आलेले. बाबांसमोर उभे राहून, बाबांशीच बोलले. "काका, घरी निरोप पाठवायला मी हो म्हणालो होतो. समितीला घाबरलो. तुम्ही यायचं. दर रविवारी यायचं." बाबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मला थोपटता आलं नसतं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, हे समितीलाही एवढ्याच स्पष्ट सांगा." त्यांनी सांगितलं. दोन कुटुंबं दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. कार्यवाहांनी आमच्याशी बोलणं सोडलं. बाबा तिसऱ्या बाकावरच बसतात आणि मागची मुलं आता हसत नाहीत, त्यांना सवय झाली. मुलांना सवय व्हायला तीन रविवार लागले. मोठ्यांचं अजून चालू आहे.

परवा आईच्या ओळखीतल्या एक भाविक बाई भेटायला आल्या होत्या. बाबांच्या पलंगाशी बसून त्यांचा लुळा हात कुरवाळत म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. देवाचं तुमच्यावर जास्त प्रेम आहे ना, म्हणूनच त्याने हे दुखणं तुम्हांला दिलं."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली सुरी ठेवून बाहेर यायला निघाले, चार शब्द सुनवायलाच. तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"नाही."

मी दारातच थांबले. आईच्या हातातली पेल्यांची ताटली कलली.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"नाही," बाबा पुन्हा म्हणाले. दहा महिन्यांत आलेला दुसरा शब्द. त्यांनी आपला लुळा हात डाव्या हाताने बाईंच्या हातातून सोडवून घेतला आणि मांडीवर नीट ठेवला. "नाही. नाही."

बाई गोंधळल्या. "म्हणजे? देवाचं प्रेम नाही, असं म्हणायचंय का यांना?"

बाबांनी इतक्या जोरात मान हलवली की उशी घसरली.

"प्रेम आहे," आई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "दुखणं त्याने दिलं, याला नाही म्हणताहेत." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, उभी काय राहिलीस? वाचेच्या बाईंना फोन लाव."