धाकटीच्या फेऱ्या

शिट्टी वाजली तशी थोरलीने पायांचा जोर सोडला आणि सायकल बशीसारख्या उतरत्या ट्रॅकच्या वरच्या कडेला नेली. धड श्वास घेते न घेते तोच दुसरी शिट्टी. छातीचा भाता अजून चालूच होता, पण तिने सायकल उतारावरून खाली घातली आणि जीव खाऊन पळवली.

"हातगाडी ओढतेस काय गं? पाय गोल फिरव!" ट्रॅकच्या मधोमध उभे असलेले बाबा ओरडले.

दोघी बहिणींना जोडीच्या शर्यतीसाठी त्यांनीच तयार केलं होतं. अशा शर्यतीत एक खाली जोर लावते, तेवढ्यात दुसरी वर संथ फिरत दम घेते, मग अदलाबदल. धाकटी अपघातात गेली तेव्हापासून थोरलीला काहीच होत नव्हतं. ना रडू, ना भूक, ना राग. रविवारी निवड होती, नव्या जोडीदारणीबरोबर, आणि हिची वेळ रोज घसरत चालली होती.

"माझे पाय संपले," काल ती आईला म्हणाली होती, दूध संपल्याचं सांगावं तसं.

पुढच्या विश्रांतीत तिने सहज खाली पाहिलं. बाबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते जागच्या जागी भराभर वळत होते आणि त्यांची नजर आतल्या रेघेवरून धावत होती. रेघेवर कुणी नव्हतं. वळण आलं की त्यांची हनुवटी उचलली जायची. धाकटी तिथेच सीटवरून उठून पेडल मारायची. फेरी पुरी झाली आणि बाबांनी शिट्टी वाजवली.

थोरलीने सायकल पळवली नाही. बाबांजवळ येऊन थांबली.

"काय झालं? गोळा आला पायात?"

तिला आत कुठेतरी दुखलं, कितीतरी दिवसांनी.

"बाबा, तिला एवढं पळवू नका हो. शेवटी शेवटी दमायची ती."

बाबांनी शिट्टी तोंडातून काढून शर्टाला पुसली.

"दमायची," ते म्हणाले. "पण कबूल करायची नाही, लबाड."

"येऊ द्या तिला सावकाश."

ती पुन्हा वरच्या कडेला गेली. खाली बाबा हळूहळू वळू लागले. शिट्टी वाजायला बराच वेळ लागला, आणि तोवर थोरलीचा श्वास जागेवर आला होता.