दोन दारांची गाडी

भिवाबाबांनी आधी उजवा पाय आत घातला, टपाला धरून मान वाकवली आणि मग उरलेलं अंग सोडून दिलं. सीट त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरीच खाली निघाली. ते धपकन आपटले आणि गुडघे छातीसमोर आले.

"बसलात ना नीट?" राजरत्ननं वाकून विचारलं.

"झ्याक. घरच्या सोफ्यापरीस बरं हाय."

माटुंग्यातल्या जुन्या कॉलनीचं आवार होतं. गाडी निळी, दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स कार, आठ वर्षं वापरलेली. मालक निलेश परदेशी चालला होता, म्हणून विकायला काढलेली. लहानपणी चिंचपोकळीच्या चाळीत असल्याच गाडीचं कात्रण उशाशी चिकटवून झोपणारा राजरत्न आता जाहिरातींच्या स्टुडिओत आवाजाचं काम करत होता, आणि छत्तिसाव्या वर्षी पहिली गाडी घेत होता ती ही असली. नात्यातल्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. बापानं नाही. पण पोराची अट होती. बाबांना पसंत पडली तरच घ्यायची, आणि पहिल्या दिवशी त्यांना शेजारी बसवून चैत्यभूमीला जायचं. पसंत आहे हे भिवाबाबा घरातूनच ठरवून निघाले होते.

थोडं बसून झाल्यावर त्यांनी पाय बाहेर टाकला, दाराची चौकट धरली आणि जोर केला. गुडघ्यातून कळ गेली आणि अंग होतं तिथंच राहिलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. हे दुखणं त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. उंच खुर्ची, उंच पलंग असं बघूनच ते बसत. आता मात्र पुरते अडकले होते. पोराला कळलं तर तो ही गाडी घेणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांचा जीव घाबरा झाला. त्यांनी पाय हळूच आत घेतला. काहीतरी करून वेळ मारून न्यायला हवी होती.

"निलेशभाऊ, पेट्रोल किती पिती हो ही?"

"शहरात लिटरला सात-आठ, काका. आणि साधं चालत नाही, महागातलंच लागतं."

"आन् टायर?"

"चारी बदलायचे तर लाखभर जातात. पुढचे दोन यंदा बदलावेच लागतील." निलेश सरळ माणूस होता, झाकून ठेवत नव्हता.

तो बोलत असताना भिवाबाबा मांडीखाली हात रोवून अंग उचललं जातं का ते पाहत होते. जात नव्हतं.

"इम्याचं काय पडतं?"

"विमा वर्षाला सत्तर हजार धरा. सर्व्हिसिंग वेगळं. आणि हिंदमाताला पाणी भरलं की ही बाहेर काढायची नाही. इंजिनात पाणी शिरलं की कामच संपलं."

"म्हंजी पावसाळाभर बसून खाणार."

निलेश हसला. राजरत्न हसला नाही.

"बाबा, पुरे ना. मी काढलाय सगळा हिशेब."

"इचारू दे रे. क्लचप्लेट कितीला बसती?"

राजरत्नचा चेहरा पडला. गाडीच्या दुसऱ्या बाजूनंच तो म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर सरळ सांगा. असं लोकांच्या दारात कशाला?"

भिवाबाबांना एकदम भडभडून आलं. पोरगा भलतंच समजून बसला होता, आणि खरं सांगायची सोय नव्हती.

"आवडली रे मला. लई आवडली."

"मग चला, उतरा."

"उतरतो. बसू दे जरा."

राजरत्न वळसा घालून त्यांच्या दाराशी आला. बाबांची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता. एक पाय पुन्हा बाहेर निघून तसाच राहिला होता. राजरत्न निलेशकडे वळला.

"राहू दे, निलेश. खर्च नाही झेपायचा मला."

"अरे, कालच तर तू म्हणालास..."

"नाही झेपायचा."

"झेपंल त्याला," आतून भिवाबाबा म्हणाले. "पगार चांगला हाय त्याचा. तुम्ही नका ऐकू."

मग त्यांनी दोन्ही हात पोरापुढे केले. आजवर कधी केले नव्हते.

"ओढ. गुडघा गेलाय माझा. लई दिवस झाले."

राजरत्ननं पाय रोवले, त्यांची मनगटं धरली आणि ओढलं. पहिल्या वेळी ते अर्धेच उठले. दुसऱ्यांदा उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर टेकले. ते जड लागतील असं त्याला वाटलं होतं. लागले नाहीत, त्याचंच त्याला वाईट वाटलं.

"माझ्यापायी सोडलीस," ते त्याच्या कानाशी म्हणाले, "तर मला ही रोज डोळ्यांम्होरं दिसंल. रोज."

राजरत्ननं त्यांचा दंड आणखी घट्ट धरला.

"सोड आता. टोकन दे त्यांना."

त्यानं एका हातानं खिशातला फोन काढला. दुसऱ्या हातात बाबांचा दंड होता, तो काही त्याला सोडवेना.