सुरगाठ

"वस्ताद, आज पाण्यात उतरायच्या आधी एक सांगायचं हाय," विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला रुद्रय्या म्हणाला.

"आधी पोहून घ्या अण्णा, मग निवांत सांगा. ऊन चढाय लागलंय." मीरासाबने त्याच्या पाठीवर सुका भोपळा टेकवला, दोरी छातीवरून फिरवली आणि मागे गाठ मारली. रुद्रय्याने उघडलेलं तोंड मिटलं.

मीरासाब धंद्याने पिंजारी. दहा महिने गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि उन्हाळ्याचे दोन महिने कोल्हापूरबाहेर पिराजीच्या विहिरीवर पोहायला शिकवायचा. दुसरे वस्ताद माणसाला सरळ ढकलून द्यायचे. मीरासाब घाबरलेल्या माणसाशेजारी बसून राहायचा. पोटाखाली हात धरला की पोट कधी आवळलं, श्वास कुठे अडला, हे त्याच्या तळव्याला आधी कळायचं. "पाण्याला घाई न्हाय, मग तुम्हाला कशाला?" हे त्याचं ठरलेलं बोलणं.

रुद्रय्याचं पेठेत भांड्यांचं दुकान. वय बेचाळीस, अंगाने भारदस्त, आवाज असा की गिऱ्हाइकाने भाव करताना बिचकावं. पण लेक शांता दिली होती नदीपलीकडे, आणि तिथे पूल नव्हता, नाव होती. दोन वर्षांत त्याचा पाय नावेत पडला नव्हता. आता शांताला दिवस गेले होते. "या खेपेला तरी या की, अप्पा," असा तिचा निरोप आला आणि हा गडी मान खाली घालून विहिरीवर आला.

पहिले आठ दिवस दोघे पाण्यात पाय सोडून नुसते बसले. नवव्या दिवशी मीरासाबने शब्द दिला, "तुम्ही म्हणल्याबिगर गाठ सोडणार न्हाय. ही जबान." त्या एका शब्दावर रुद्रय्या उतरला.

आता दीड महिना झाला होता. तो आरपार जायचा आणि भोपळा पाठीवर उगाच मिरवायचा, भोपळ्यावर त्याचा भारच उरला नव्हता. हे रुद्रय्या सोडून सगळ्यांना दिसत होतं. अशा वेळी वस्तादाने गुपचूप भोपळा सोडायचा, काठावरच्यांनी टाळ्या पिटायच्या आणि शिकणाऱ्याने पेढे वाटायचे, ही रीतच होती. म्हणून तर सगळे वस्ताद सुरगाठ मारायचे. टोक ओढलं की मोकळी.

"वस्ताद, नातवंडाच्या बारशापातूर भोपळा वागवायचा हाय व्हय पावण्यांनी?" पिराजी काठावरून ओरडला. चार जण हसले. मीरासाबला ते लागलं. माणूस भला होता, पण वस्ताद होता. तो जबान विसरला, पायरीवर नुकतंच अर्धवट राहिलेलं ते बोलणंही विसरला. रुद्रय्या मधोमध आला तेव्हा मागून पोहत जाऊन त्याने टोक ओढलं.

रुद्रय्या तसाच पोहत गेला आणि पलीकडच्या पायरीला त्याने हात लावला. टाळ्या पडल्या. त्याने वळून पाहिलं तर भोपळा पाण्यावर एकटाच तरंगत होता. त्याने पाठ चाचपली. कोनाड्यातला सदरासुद्धा न घेता, तो ओल्या धोतरानिशी निघून गेला.

तो पुन्हा आला नाही. आठवड्याने त्याची बायको अक्काताई सदरा न्यायला आली.

"पोहाय आलं म्हणून खूश व्हायचं सोडून असं का गेले, वैनी?" मीरासाबने विचारलं.

अक्काताईने सदऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "ह्यांचा धाकटा भाऊ हुता, चनबसाप्पा. चौदा वर्सांचा. असाच भोपळा बांधून पोहत हुता. ह्यांनी पायरीवरनं वाकून गंमत म्हणून मागनं गाठ सोडली, त्यो तसाच आत गेला. त्यो वर आलाच न्हाय. घरात सगळ्यास्नी वाटतंय, दोरी आपसूक सुटली. मला एकटीला ठावं हाय, ते बी लग्नाला बारा वर्सं झाल्यावर." ती जायला वळली, मग थांबली. "त्या दिवशी निघताना म्हनाले, आज वस्तादाला सांगून मोकळा हुतो. त्यो माणूस ऐकून घेतो."

त्याच संध्याकाळी मीरासाबने रुद्रय्याचं दुकान गाठलं.

"अण्णा, माझी चूक झाली. काय सांगायचं हुतं, ते आज सांगा. मी बसलोय."

रुद्रय्या कळशी पुसत होता. पुसून झालेली कळशी त्याने पुन्हा पुसायला घेतली.

"त्या दिवशी सांगणार हुतो, वस्ताद. आता न्हाय व्हायचं."

शांताला मुलगी झाली. बारशाला अक्काताई एकटीच नावेतून गेली, सोबत रुद्रय्याने दिलेले चांदीचे वाळे. मीरासाब दिवस मावळताना दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. रुद्रय्या चहा मागवायचा, दोघे पाठीला पाठ लावल्यासारखे रस्त्याकडे आणि भांड्यांकडे बघत प्यायचे. दुकानाच्या फळ्या लागल्या की मीरासाब उठायचा. "येतो, अण्णा." "या." वर्षभरात याहून जास्त बोलणं झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने सुरगाठ मारणं सोडलं. निरगाठ मारू लागला. पिराजी हसायचा. ओली निरगाठ सुटता सुटत नाही, नखांनी उकलावी लागते, बराच वेळ जातो. मीरासाब पायरीवर बसून ती उकलत राहायचा आणि समोरचा काही बोलतो का, याची वाट बघायचा.