आजोबांची हरकत

तिनं पुन्हा हुकूम सोडला आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबले. प्रोग्रॅम बिनतक्रार तयार झाला, सुरूही झाला, पण बोलेना. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायची एवढंच त्याचं काम, आणि तोच तोंड मिटून बसला होता.

ठिकठिकाणच्या हौशी माणसांनी मिळून सांभाळलेल्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारं अवजार, तिच्या जबाबदारीत होता. नवी आवृत्ती आत गेली, की स्वस्तातल्या नव्या संगणकांवरही सिस्टिम चालणार होती. संध्याकाळी नवं काही आत घेण्याचं दार बंद. मग वर्षभर जुन्यावरच भागवायचं. बाकी सगळे प्रोग्रॅम सुखरूप पार पडले होते. अडला हा एकच.

आणि दुसरी अडचण म्हणजे आजोबा, सिस्टिम सांभाळणाऱ्यांतले सगळ्यात जुने. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पडद्यावरच्या बैठकीला ते येत नसत. पण नव्या कंपायलरला त्यांची हरकत ठरलेली : ‘नको. जुनंच बरं.’ कारण नाही. आणि इथला रिवाज असा, की एकाची जरी हरकत उभी असली तरी गाडं हलायचं नाही.

“ताई, काढून टाका तो बोलका,” सगळ्यांच्या कामाचा मेळ घालणारा कारभारी हेडफोनमधून म्हणाला. “वापरतंय कोण? आजोबांना मी समजावतो.”

“कुणीतरी वापरत असेल.”

“आणि नसेल तर?”

“तर माझी दुपार फुकट गेली म्हणा.”

खोलीत पलीकडे कपड्यांच्या घड्या घालणारी नणंद हसली. “वहिनी, दादाचे इतके लाड केले असतेस, तर डोक्यावर बसला असता.”

“बसलाय की!”

ती एकेक ओळ वाचत गेली. आवाज बंद ठेवायचा का, हे सांगणारी एक खूण होती. तिची सुरुवातीची किंमत लिहायलाच कुणीतरी विसरलं होतं. जुन्या कंपायलरमध्ये नशिबानं तिथे शून्य यायचं, म्हणजे आवाज चालू. नव्यात काहीबाही येत होतं.

तिनं शून्य लिहिलं. हुकूम सोडला. कानात एक सपाट, ठसठशीत आवाज उमटला.

‘बोलका बोलू लागला. करून पाहावे,’ तिनं सगळ्यांना कळवलं.

उन्हं कलताना बैठकीत नवं नाव उगवलं : आजोबा. मग त्यांच्या बाजूनं तोच सपाट आवाज आला : “बोलका बोलू लागला. करून पाहावे.”

“दर वेळी नवा कंपायलर आला, की पहिला हाच गप्प व्हायचा, पोरी,” आजोबा म्हणाले.

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर काढूनच टाकला असता.”

कारभाऱ्यानं घसा खाकरला. “आजोबा... हरकत?”

“मागे घेतली. चालू दे तिचं!”

तिनं नवी आवृत्ती पाठवायचं बटण दाबलं. नणंद चादर तशीच टाकून पडद्याशी धावली, पण निकाल दोघींच्या आधी आजोबांच्या खोलीत वाचला गेला :

“नवी आवृत्ती. स्वीकारली.”